पाण्याखाली दम धरू नका

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. त्याच्या दोनच वर्षे आधी, म्हणजे १६६२ साली, तिकडे इंग्लंडात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने हवेसंबंधीचा एक नियम प्रसिद्ध केला होता. तापमान कायम असताना वायूवरील दाब दुप्पट केला तर त्याचे आकारमान निम्मे होते, दाब तिप्पट केला तर आकारमान एकतृतीयांश होते, असा तो नियम. तुमच्यापैकी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी तो पाठ केला असेल आणि दोन गुणांसाठी उत्तरपत्रिकेत उतरवलाही असेल. किल्ला आणि हा नियम यांची कधी गाठ पडेल असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. आज मात्र पावसाळा संपला की त्याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर अनेक पर्यटक पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या छातीत बॉइलचा नियम आपले काम करीत असतो.

या प्रकाराला 'स्कूबा' म्हणतात. 'पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या भागात आज ते लहानथोरांच्या तोंडी असते. त्याचबरोबर एक वाक्यही हमखास ऐकू येते : "पाणी पाच-सहा मीटर तर खोल! तेवढ्यात काय व्हायचंय?"

विद्यार्थी मित्रांनो, हे वाक्य खरे की खोटे ते आज आपण पदार्थविज्ञानाच्या आधारे तपासून पाहू.

आधी दाबाचा हिशोब करू. आपल्या डोक्यावर हवेचा प्रचंड थर आहे. त्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका पडतो. यालाच एक वातावरण दाब म्हणतात. (काटेकोर बोलायचे तर दाब पास्कल या एककात सांगायला हवा, पण आजच्या कामाला किलोग्रॅमची भाषा सोयीची आहे.) आता एक चौरस सेंटिमीटर पायाचा आणि १० मीटर, म्हणजे १००० सेंटिमीटर, उंचीचा समुद्राच्या पाण्याचा स्तंभ घ्या. त्याचे आकारमान १००० घन सेंटिमीटर. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून थोडे जड असते, म्हणून या स्तंभाचे वजन भरते सुमारे १०२५ ग्रॅम. म्हणजे पुन्हा जवळजवळ एक किलोग्रॅमच! कित्येक किलोमीटर उंचीच्या हवेच्या थराने जेवढा दाब पडतो, तेवढाच नुसत्या दहा मीटर पाण्याने पडतो. पृष्ठभागावर दाब एक वातावरण, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार, अशी ही चढती भाजणी आहे.

आपले शरीर बहुतांशी पाण्याचे बनलेले असते आणि पाणी दाबाने जवळजवळ आकुंचन पावत नाही. त्यामुळे हात, पाय, पोटऱ्या यांना या दाबाचे काहीच वाटत नाही. प्रश्न येतो तो शरीरात जिथे जिथे हवा कोंडलेली असते तिथे. कान, नाकाभोवतीच्या कवटीतील पोकळ्या आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे फुप्फुसे.

गोष्टींत आणि सिनेमांत नायक कमळाचा पोकळ देठ तोंडात धरून तासन् तास तळ्यात लपून बसतो. महाभारतातला दुर्योधन डोहात लपला, पण त्याला निदान मायावी विद्या येत होती! तुम्ही-आम्ही एक मीटर लांबीची नळी घेऊन एक मीटर खोल बसलो, तर छातीवर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम जादा भार पडेल. छातीचा पृष्ठभाग हजार चौरस सेंटिमीटर धरला तर एकूण भार झाला १०० किलोग्रॅम! नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची. म्हणजे प्रत्येक श्वासाला शंभर किलोचे पोते छातीने उचलायचे. थोड्याच वेळात श्वासाचे स्नायू थकून जातील. म्हणूनच पाण्यावर उपडे तरंगून खालचे मासे पाहण्याची जी नळी मिळते ती जेमतेम वीतभर किंवा त्याहून थोडी लांब असते.

पाण्याखाली आरामात श्वास घ्यायचा असेल तर आत येणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाएवढाच हवा, आणि खोली बदलेल तसा तोही आपोआप बदलायला हवा. ही करामत १९४३ साली फ्रान्समध्ये साधली गेली. जाक कूस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमील गान्यां हा अभियंता, अशी ती जोडी होती. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, म्हणून मोटारी गॅसवर चालवीत. त्या मोटारींसाठी गान्यांने बनवलेली झडप त्यांनी श्वासोच्छ्वासासाठी बदलून घेतली. आज तिला 'रेग्युलेटर' म्हणतात. तोंडात धरायच्या डबीत एक लवचिक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला समुद्राचे पाणी, दुसऱ्या बाजूला श्वासाची हवा. तुम्ही श्वास ओढला की आतला दाब किंचित घटतो, बाहेरचे पाणी पडद्याला आत ढकलते, पडदा एक तरफ दाबतो आणि टाकीची झडप उघडते. आतला दाब बाहेरच्या एवढा झाला की पडदा पूर्वस्थितीत येतो आणि झडप बंद! पाणी स्वतःच आपल्या दाबाचे माप देते. इतके साधे आणि इतके बिनचूक यंत्र मला तरी फार थोडी ठाऊक आहेत.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असे वर्तमानपत्रांतही छापून येते. मालवणला उतरणाऱ्या पाहुण्याच्या टाकीत साधी, गाळलेली, कोरडी हवाच असते. फक्त ती सुमारे २०० वातावरणे दाबाने भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन वाढत्या दाबाखाली मज्जासंस्थेला विषासारखा ठरतो, आणि त्यासाठी फार खोल जावेच लागते असे नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मालवणच्या बंदरावरून एखादा मुलगा छाती भरून श्वास घेतो, सूर मारतो आणि पाच मीटरवरच्या तळाची वाळू मुठीत घेऊन वर येतो. त्याच्या फुप्फुसांत वर असताना ६ लिटर हवा होती असे धरा. पाच मीटरवर दाब दीड वातावरण, म्हणून तीच हवा आकुंचन पावून ४ लिटर होते. तो वर आला की पुन्हा ६ लिटर. जेवढी नेली तेवढीच परत आणली. इथे दम धरणे हेच योग्य, नाही तर नाकातोंडात पाणी जायचे.

आता त्याच मुलाच्या पाठीला टाकी बांधा. तो पाच मीटरवर गेला, रेग्युलेटरमधून त्याने छाती भरून श्वास घेतला. ही ६ लिटर हवा त्याने *खाली*, दीड वातावरण दाबाखाली घेतलेली आहे. इतक्यात त्याच्या चष्म्यात पाणी शिरले. तो घाबरला, सवयीप्रमाणे त्याने दम धरला आणि पाय मारून थेट वर आला. काय होईल? दाब दीडाचा एक झाला. सहा लिटरची हवा नऊ लिटर होऊ पाहणार! फुप्फुसे काही रबरी फुगा नव्हेत. त्यांतील नाजूक वायुकोश फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, आणि ते मेंदूकडे गेले तर माणूस पृष्ठभागावर येताच बेशुद्ध पडू शकतो. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनी दम धरून वर येताना एक-सव्वा मीटरचा फरकही इजा करायला पुरेसा होतो. म्हणून स्कूबाचा जगभरचा पहिला नियम एकच : श्वास चालू ठेवा, दम कधीही धरू नका. जन्मभर ज्याने दम धरून बुड्या मारल्या, त्याला हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते, ही यातली गंमत आणि धोकाही.

"खोल पाण्यात हे जास्त होत असेल" असे तुम्हाला वाटेल. चला, हिशोब करू. पृष्ठभागावरची ६ लिटर हवा १० मीटरवर ३ लिटर, २० मीटरवर २ लिटर, ३० मीटरवर दीड लिटर होते. पहिल्या दहा मीटरांत ३ लिटरचा फरक पडला, पुढच्या दहांत एका लिटरचा, त्याच्या पुढच्या दहांत अर्ध्याच लिटरचा! आलेख काढून पाहा. वक्ररेषा सुरुवातीला कड्यासारखी उतरते आणि मग सपाट होत जाते.

मालवणचेच उदाहरण घेऊन हे आणखी स्पष्ट करू. विजयदुर्गच्या पश्चिमेला, भर समुद्रात शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, 'अंग्रिया बँक' नावाचे एक बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला हे नाव पडले. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे आणि तिथे प्रवाळांची समृद्ध वसाहत आहे. तिथला पाणबुड्या २० मीटरवरून १० मीटरपर्यंत वर आला, तर दाब तीन वातावरणांवरून दोनवर येतो. हवेचे आकारमान दीडपट होते. किल्ल्याजवळचा नवशिका पर्यटक ५ मीटरवरून पृष्ठभागावर आला, तर दाब दीडवरून एकवर येतो; आकारमान तेवढेच, दीडपट! भर समुद्रातील दहा मीटरांची चढण आणि मालवणची पाच मीटरांची चढण फुप्फुसांच्या हिशोबाने अगदी सारखी आहे. "तेवढ्यात काय व्हायचंय?" या प्रश्नाचे हे उत्तर.

कानांचेही असेच. दोन मीटरवरच कानाचा पडदा आत दाबला जाऊन ठणकू लागतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की घशातून मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नळीतून हवा जाते आणि दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. सर्दी झाली असेल तर ही नळी बंद असते. अशा दिवशी पाण्यात उतरू नये, मग पैसे भरलेले असोत की नसोत.

बॉइलच्या नियमाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो माणसाला नव्हे तर समुद्राला भोवतो. तो समजण्यासाठी आधी एक प्रयोग करा. औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर घ्या. त्यात थोडे पाणी ओढून तो पेल्यात सोडा. नुसता वरचा टोक तेवढा पाण्याबाहेर राहील इतके पाणी आत ठेवा. आता प्लास्टिकची एक लिटरची बाटली काठोकाठ पाण्याने भरा, ड्रॉपर तीत सोडा आणि झाकण घट्ट लावा. बाटली दोन्ही हातांनी दाबा. ड्रॉपर खाली जाईल. पकड सैल करा, तो वर येईल. नीट पाहाल तर दाबताना ड्रॉपरमध्ये पाणी वर चढताना दिसेल. आतली हवा आकुंचन पावली, तिने बाजूला सारलेले पाणी कमी झाले आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार उद्धरण घटले. देकार्त या तत्त्ववेत्त्याच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो.

पाठीला टाकी बांधलेला माणूस म्हणजे हाच ड्रॉपर. बुडण्यासाठी कमरेला शिसे, तरंगण्यासाठी अंगात हवा भरता येईल असे जाकीट. दोन्हींचा मेळ बसला की तो ना वर जातो ना खाली. पण हा समतोल अस्थिर असतो. उपड्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखा. तो थोडा खाली सरकला तर जाकिटातील हवा आकुंचन पावते, उद्धरण घटते आणि तो आणखी खाली जातो. थोडा वर गेला तर हवा फुगते आणि तो आणखी वर जातो. आणि हवेचे आकारमान सर्वांत झपाट्याने कुठे बदलते? उथळ पाण्यात! म्हणजे तोल सांभाळणे सर्वांत कठीण नेमके तिथेच. तरबेज पाणबुड्या तो श्वासाने सांभाळतो. अर्धा लिटर हवा जास्त घेतली की अर्धा किलो उद्धरण वाढते. नवशिक्याला ते कसे जमणार? त्याचे शिसे त्याला खाली नेते आणि तो हाताला येईल ते धरतो, पायाखाली येईल त्यावर उभा राहतो.

त्याच्या पायाखाली काय असते? मालवणच्या समुद्रात लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळबेटे नाहीत. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर ठिकठिकाणी प्रवाळांच्या वसाहती आहेत. कुठे गोलसर धोंड्यासारखा दिसणारा पोराइटिस, कुठे फुलकोबीच्या पानांसारखा पसरलेला टर्बिनेरिया. दिसायला दगड, पण वरचा पातळ थर म्हणजे हजारो सूक्ष्म जीव. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाले राहतात, सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि आपल्या यजमानाला त्याचा वाटा देतात. म्हणून या प्रवाळांना उजेड हवा. कर्लीसारख्या नद्यांचा गाळ येऊन मिळणाऱ्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात उजेड फार खोल पोचत नाही, तेव्हा त्यांनी उथळ खडक धरले. अंग्रिया बँकेवर पाणी नितळ, तिथे वीस मीटरवरही त्यांचे भागते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. प्रवाळाला उजेडासाठी उथळ पाणी हवे, नवशिक्याला धीर राहावा म्हणून उथळ पाणीच हवे, आणि तोल जाण्याची शक्यता सर्वांत जास्त तीही उथळ पाण्यातच. तिघांची गाठ पाच-सात मीटरच्या त्या पट्ट्यात पडते. पोराइटिससारखे घट्ट प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. पायाच्या पंखाचा एक फटका दहा-पंधरा वर्षांची वाढ मोडू शकतो.

हा भाग १९८७ साली 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राच्या गाभ्यात सिंधुदुर्ग आणि जवळचा पद्मगड येतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या अभयारण्यातील प्रवाळांना हौशी डायव्हिंगमुळे इजा होत असल्याची नोंद आहे. माझे मत विचाराल तर यावर बंदी हा उपाय नव्हे; पुष्कळ घरांच्या चुली आज या धंद्यावर पेटतात. पण पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला छातीभर पाण्यात श्वासाने तोल सांभाळायला शिकवले, तर पाहुण्याचाही जीव सांभाळला जाईल आणि प्रवाळाचाही. दोन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे.

मासे हा तोल कसा सांभाळतात? पुष्कळ माशांच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते. घोळ माशाच्या याच पिशवीला कोळी 'भोत' म्हणतात आणि ती फार मोठ्या किमतीला विकली जाते. मासा तिच्यातला वायू कमी-जास्त करून हव्या त्या खोलीवर अलगद थांबतो. प्रवाळाभोवती पोपटमासा बघा, किती निवांत तरंगत असतो! पण हे काम हळूहळू चालते. खोल पाण्यातील हेकरू किंवा तांबोशी गळाने झपाट्याने वर ओढली तर वायू बाहेर काढायला तिला वेळच मिळत नाही. वाताशय फुगते, डोळे बटबटीत होतात आणि कधी कधी जठर तोंडातून बाहेर येते. दम धरून वर आलेल्या माणसाचीच ही गत, फक्त माशाच्या रूपात. मोरी आणि सुरमई यांना ही पिशवीच नसते. त्या खुशाल वर-खाली धावतात, पण थांबल्या की बुडू लागतात, म्हणून सतत पोहत राहतात.

एक उदाहरण देतो, वहीत सोडवा. १२ लिटरच्या टाकीत २०० वातावरणे दाबाने हवा भरली आहे. त्यांपैकी ५० वातावरणे राखीव ठेवायची आहेत. पाणबुड्याला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते. मालवणला ५ मीटर खोलीवर आणि अंग्रिया बँकेवर २० मीटर खोलीवर त्याला ही हवा किती मिनिटे पुरेल? वर-खाली जाण्याचा वेळ धरू नका. (उत्तरे : ६० मिनिटे आणि ३० मिनिटे.)